मला व्हायरस पसरवता येत नाही

२०२१ साली सगळं जग एक व्हायरस पसरू नये म्हणून जिवाचं रान करत होतं. त्याच साली पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी एक व्हायरस पसरावा म्हणून जिवाचं रान करत होतो. जगाला यश येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. जगाचा व्हायरस कुणी न बोलावता साखरपुड्याला जात होता, बारशाला जात होता, ई-पास नसताना जिल्ह्याची हद्द ओलांडत होता. माझ्या व्हायरसला एका बेशुद्ध उंदराच्या मेंदूत मिलिमीटरभर जागा व्यापायची होती, तेवढंही त्याला जमत नव्हतं. म्हणजे त्याला जमत होतं, मला जमत नव्हतं. हा भेद माझ्या फार उशिरा लक्षात आला. प्राणिगृहातल्या मामांच्या तो पहिल्या दिवशीच लक्षात आला होता, पण मामांना कुणी विचारलं नव्हतं.

कल्पना तशी साधी होती. निदान माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितली तेव्हा साधी वाटली. मेंदूतला एखादा न्यूरॉन काय काम करतो हे शोधायचं, तर तो आपल्या मर्जीनं चालू-बंद करता आला पाहिजे. त्यासाठी त्याच्यात एक परकं जनुक घालावं लागतं. न्यूरॉन काही पुढ्यात ठेवलेलं डीएनए मुकाट्यानं गिळत नाही. पण पेशीत घुसायचं आणि आपलं डीएनए थेट केंद्रकात नेऊन टाकायचं, हा व्हायरसचा पिढीजात धंदा. तेव्हा व्हायरसच्या पोटातलं त्याचं स्वतःचं सामान काढून टाकायचं, रिकाम्या कवचात आपल्याला हवं ते जनुक भरायचं आणि त्याला मेंदूत सोडायचं. आत शिरण्याची अक्कल त्याची, सामान आपलं. स्वतःच्या जनुकांविना तो आणखी व्हायरस काही तयार करू शकत नाही. सामान पोचवतो आणि संपतो. याला व्हायरल व्हेक्टर म्हणतात, आणि आज मेंदूवर संशोधन करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांचं पान त्याच्यावाचून हलत नाही.

आम्ही वापरणार होतो तो अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, लाडाचं नाव एएव्ही. १९६५ साली अ‍ॅडिनोव्हायरसच्या नमुन्यांत भेसळ म्हणून हा सापडला. आकार सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत असे तीनेक हजार शेजारी शेजारी बसावेत. पोटात जागा जेमतेम ४,७०० अक्षरांची. माणसाला याच्यामुळे एखादा रोग झाल्याचं आढळलेलं नाही. आणि याला एकट्याच्या बळावर स्वतःची प्रजाही नीट वाढवता येत नाही. शेजारी अ‍ॅडिनोव्हायरससारखा कुणी कर्तबगार असला, तरच याचं चालतं. दुसऱ्याच्या नावाला जोडून ओळखला जाणारा, स्वतः होऊन काही न करणारा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. मॅडम मीटिंगमध्ये हे वर्णन करत होत्या तेव्हा प्रयोगशाळेतले सगळे आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. प्रकल्प मला मिळाला.

या कवचात भरायचं काय, तर डबक्यातल्या शेवाळाचं जनुक. क्लॅमिडोमोनस नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ उजेडाच्या दिशेनं पोहतं. उजेड ओळखायला त्याच्याजवळ चॅनलऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की हे प्रथिन पेशीच्या आवरणातली वाट उघडतं आणि विद्युतभार असलेले कण आत येतात. २००३ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी चॅनलऱ्होडॉप्सिन-२ कसं चालतं ते दाखवलं आणि २००५ साली स्टॅनफर्डमध्ये एड बॉयडन आणि कार्ल डायसेरॉथ यांनी व्हायरसच्याच मदतीनं ते न्यूरॉनमध्ये घातलं. आता दिवा लावला की न्यूरॉन चालू, दिवा मालवला की बंद. न्यूरॉनला तरी दुसरं काय हवं असतं? विद्युतभार आत आला की तो पेटतो. डबक्यातल्या दाराने आला की आणखी कुठल्या, याची तो चौकशी करत नाही.

पण जनुक नेमकं कुठल्या पेशींत पोचलं हे कळणार कसं? त्यासाठी सोबत एक चमकणारं प्रथिन जोडून देतात. ही जेलीफिशची देणगी. ओसामू शिमोमुरा यांनी समुद्रातून हजारो जेलीफिश गोळा करून ते हिरवं प्रथिन शोधलं, त्याची बातमी १९६२ साली आली, आणि २००८ साली त्यांना मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. या प्रथिनाचं जनुक ज्यानं १९९२ साली हाती दिलं, तो डग्लस प्रॅशर पैसे संपल्यामुळे त्या संशोधनातून बाहेर पडला. जाताना त्यानं ते जनुक चॅल्फी आणि त्सिएन यांना देऊन टाकलं. त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा प्रॅशर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता. दोघा विजेत्यांनी त्याला सन्मानानं स्टॉकहोमला बोलावून घेतलं, खर्चही केला. मॅडम ही गोष्ट वैज्ञानिकांच्या औदार्याचं उदाहरण म्हणून सांगत. मी ती करिअर मार्गदर्शन म्हणून ऐकली आणि त्याच महिन्यात चारचाकीचं लायसन्स काढून घेतलं.

माझ्यावर सोपवलेलं काम नवशिक्याचं होतं. उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागात हालचालींचा कारभार पाहणारा एक पट्टा असतो. त्याच्या उजव्या बाजूच्या न्यूरॉनमध्ये चॅनलऱ्होडॉप्सिन घालायचं, तिथेच केसापेक्षा थोडी जाड अशी काचेची प्रकाशतार बसवायची आणि निळा लेझर लावायचा. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूवर हुकूम चालवते, त्यामुळे उंदीर डावीकडे गोल गोल फिरू लागतो. डोक्यावरच्या तारेतून निळा उजेड येताच गिरक्या घेणारा उंदीर जगभरातल्या व्याख्यानांत दाखवून झालेला आहे. यात नवं काहीच शोधायचं नव्हतं. हात बसावा म्हणून करायचं, एवढंच. "हे जमलं की मग खरा प्रयोग," मॅडम म्हणाल्या. मला त्या वाक्यातला 'की' फार छोटा वाटला होता.

घरी मात्र 'व्हायरस' या एका शब्दापलीकडे कुणी गेलं नाही. दिवसच तसे होते. मी आईला म्हटलं, "आमचा व्हायरस निरुपद्रवी आहे." आई म्हणाली, "तूही तसाच आहेस, पण म्हणून लोक तुला काम देत नाहीत." पुढे ही वार्ता सोसायटीच्या सेक्रेटरी काकांपर्यंत गेली. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि काही दिवस लिफ्ट न वापरण्याची विनंती केली. विज्ञानप्रसाराची संधी सोडायची नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही परवाच कोविशील्ड घेतलीत ना? आपल्या पुण्यातच बनते ती. तीही व्हायरल व्हेक्टरच. चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस घेतात, त्याला वाढता येणार नाही असा करतात आणि आत करोनाच्या काट्याचं जनुक भरतात. एका डोसमध्ये असे पाच हजार कोटी कण असतात. ते सध्या तुमच्या दंडात आहेत." शास्त्रीयदृष्ट्या यात एकही शब्द चुकीचा नव्हता. काका दंडाकडे बघत जिना चढून गेले. संध्याकाळपर्यंत बी विंगमधल्या तीन कुटुंबांनी दुसऱ्या डोसला जाणार नाही असं जाहीर केलं. शेवटी आई दारोदार जाऊन सांगून आली, "लस अगदी चांगली आहे, मी स्वतः घेतलीय. त्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, त्याला लहानपणापासून समजावून सांगता येत नाही." मंडळी गेली. लसीकरणाच्या मोहिमेला माझा हातभार तो एवढाच.

पहिला व्हायरस आम्ही परदेशातून तयार मागवला. आधी जैवसुरक्षा समितीची परवानगी, मग प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी, मग आयातीचे कागद. व्हायरस उणे ८० अंशांना ठेवायचा असतो, म्हणून तो कोरड्या बर्फात बसून विमानानं आला आणि विमानतळावर अडकला. खोक्यावर 'व्हायरल व्हेक्टर' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि बाहेर महासाथ. तिथल्या साहेबांचा फोन आला.

"यानं कुठला रोग होतो?"

"कुठलाच नाही, सर."

"मग कुठला रोग बरा होतो?"

"तसाही कुठला नाही."

"मग मागवलात कशाला?"

मी उंदीर, शेवाळ, जेलीफिश आणि निळा दिवा या क्रमानं उत्तर दिलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "तुमच्या वरचं कुणी आहे का?" मॅडमनी बोलून खोकं सोडवलं, पण तोवर कोरडा बर्फ हवा होऊन निघून गेला होता आणि आतली इवलीशी नळी मे महिन्याच्या उकाड्यात घामाघूम झाली होती. एएव्ही तसा काटक प्राणी, पण त्या नळीतले किती शाबूत असतील याची हमी कोण देणार? मॅडम म्हणाल्या, "आता घरीच करू या. शिकशील तरी." शिकणारा मी होतो म्हणून त्या वाक्यात धोका होता, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

एएव्ही घरी करायला एचईके २९३ नावाच्या पेशी लागतात. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम यांनी त्या तयार केल्या. मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशी आणि त्यांच्या वहीतला २९३ क्रमांकाचा प्रयोग, म्हणून हे नाव. मला या क्रमांकाचा फार आधार वाटला. या पेशींना तीन वेगवेगळी डीएनए-वर्तुळं द्यायची: एकात आपलं जनुक, दुसऱ्यात कवच बनवण्याची कृती, तिसऱ्यात अ‍ॅडिनोव्हायरसची मदत करणारी जनुकं. तीन दिवसांनी पेशी फोडायच्या आणि त्या गाळातून व्हायरस वेगळा काढायचा.

हे वेगळं काढणं बघण्यासारखं असतं. आयोडिक्झॅनॉल नावाचा एक जड द्राव असतो. क्ष-किरण तपासणीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून तो रुग्णांना टोचतात. त्याची १५, २५, ४० आणि ६० टक्क्यांची द्रावणं एका नळीत थरांवर थर अशी भरायची. आधी सर्वांत हलकं, मग लांब सुई तळाला नेऊन त्याच्याखाली त्याहून जड, मग त्याच्याखाली आणखी जड. हात हलला की थर मिसळले. कुठला थर कुठे संपतो ते कळावं म्हणून एकाआड एक थरात तांबडा रंग घालतात. मग ही नळी गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन लाख पट जोरानं दीडेक तास फिरवायची. थरांशी मी अत्यंत सौजन्यानं वागलो. माझा श्वासदेखील त्यांना लागू दिला नाही. नळी बाहेर आली तेव्हा मधोमध एक सुंदर, दुधाळ, पांढरा पट्टा उभा होता. माझं मन भरून आलं. मी सुई टोचून तो पट्टा थेंबही न सांडता ओढून घेतला आणि खालचा पाण्यासारखा स्वच्छ द्राव, ज्यात उघड उघड काही नव्हतं, जैवसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ब्लीचमध्ये ओतला. नियम पाळण्यात मी कधी कुचराई केली नाही.

मोजणी केली तर माझ्या नळीत व्हायरस नावालाही नव्हता. २५ आणि ४० टक्क्यांच्या सीमेवर जो पांढरा पट्टा दिसतो तो पेशींतल्या प्रथिनांचा कचरा असतो. व्हायरस त्याच्या खाली, ४० टक्क्यांच्या थरात, त्या पाण्यासारख्या स्वच्छ भागात असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. कोट्यवधी व्हायरसांचा निर्वंश करणारं माझ्याइतकं परिणामकारक काम त्या वर्षी शहरात इतर कुठल्या खात्याकडून झालं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या खेपेला मॅडम शेजारी उभ्या राहिल्या आणि खरा व्हायरस हाती आला. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख कोटी. मग शस्त्रक्रिया. उंदराला भूल द्यायची, पाठीखाली उबदार गादी, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, वेदनाशामक आधीच टोचलेलं. डोकं एका चौकटीत घट्ट बसवायचं. या चौकटीची कल्पना हॉर्सली आणि क्लार्क या ब्रिटिश जोडीनं १९०८ साली मांडली. कवटीवरची त्वचा बाजूला केली की हाडांचे सांधे दिसतात, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू म्हणजे ब्रेग्मा. सगळी मापं तिथून. माझी जागा ब्रेग्मापासून मिलिमीटरभर पुढे आणि पाऊण मिलिमीटर उजवीकडे होती. अर्ध्या ग्रॅमहून हलका मेंदू, त्यात सात कोटींच्या आसपास न्यूरॉन. तिथे पाऊण मिलिमीटर म्हणजे दुसरा तालुका.

काचेची नळी तापवून ओढून तिचं टोक केसापेक्षा बारीक करायचं, आत खनिज तेल भरायचं, मग टोकाशी व्हायरसचा थेंब धरून तो वर खेचून घ्यायचा. हाडाला दाढीच्या केसाएवढं भोक. त्यातून नळी आत उतरवायची आणि ३०० नॅनोलिटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाचा जेमतेम दीडशेवा हिस्सा, मिनिटाला ५० नॅनोलिटर या गतीनं सोडायचा. सोडून झाल्यावर नळी तशीच ठेवून दहा मिनिटं काहीही न करता बसायचं आणि मग सावकाश वर घ्यायची. काहीही न करता बसण्याचा मला जन्मभराचा सराव असूनही नेमकं तिथेच मी घाई केली. पुरणपोळी लाटताना जोर दिला की पुरण कडेनं बाहेर येतं, तसा माझा व्हायरस नळीच्या वाटेनं उलटा वर आला आणि मेंदूच्या पृष्ठभागावर पसरला. हे कळलं मात्र तीन आठवड्यांनी, कारण जनुक कामाला लागायला तेवढे दिवस जाऊ द्यावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड दिसला, पण हवा तिथे नाही. वरच्या वर, झाकणावर.

त्यानंतर मी घड्याळ लावून बसू लागलो. प्राणिगृहातले मामा शेजारी पिंजरे लावत असायचे. मामांनी तिथे अनेक पीएचड्या होताना आणि त्याहून जास्त न होताना पाहिल्या होत्या. एकदा ते म्हणाले, "साहेब, तुमचं काम वेगळं दिसतंय. बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला भोक पाडतात." मी नम्रपणे हसलो. आपलं काम वेगळं आहे असं कुणी म्हटलं की संशोधकाला फार बरं वाटतं.

तीन आठवड्यांनी उंदीर ठणठणीत होता. डोक्यावर प्रकाशतारेचं इवलंसं टोपण, गोल टोपलीत तो इकडेतिकडे हुंगत होता. मी ४७३ नॅनोमीटरचा निळा लेझर लावला. उंदीर थबकला आणि गोल फिरायला लागला. लेझर बंद, फिरणं बंद. लेझर चालू, फिरणं चालू. एका डबक्यातल्या शेवाळाच्या जनुकानं, एका समुद्रातल्या जेलीफिशच्या सोबतीनं, एका आश्रित व्हायरसच्या पोटात बसून हे घडवून आणलं होतं, आणि बटण माझ्या बोटाखाली होतं. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात लक्षात आलं की उंदीर उजवीकडे फिरतोय.

सगळे उंदीर उजवीकडे फिरत होते. ग्रंथ म्हणतात डावीकडे. स्टॅनफर्ड म्हणतं डावीकडे. माझे उंदीर एकमतानं उजवीकडे. मी काही कच्चा संशोधक नाही. प्रत्येक शक्यता तपासली. कॅमेरा प्रतिमा उलटी दाखवत नाही ना? नव्हता. टोपली एका बाजूला कलली आहे का? पाणसळ लावून पाहिली. पंख्याचा वारा? पंखा बंद केला. चुंबकीय उत्तर? टोपली फिरवून ठेवली. मेंदूच्या चकत्या कापताना डावं-उजवं कळावं म्हणून मी आधीच एका बाजूला सुईनं खूण केली होती, तीही तपासली. चमक उजव्याच बाजूला होती. मग एकच निष्कर्ष उरला. पुण्याचे उंदीर कॅलिफोर्नियाच्या उंदरांहून मूलतः वेगळे आहेत, आणि हे जगात सर्वांत आधी मला कळलंय.

रात्री मी मॅडमना लांबलचक ई-मेल लिहिला. त्यात मेंदूच्या रचनेविषयीच्या प्रचलित समजुतींना मी सभ्य शब्दांत धक्का दिला होता. शोधनिबंधाचं शीर्षकही सुचवलं. आईला म्हटलं, "कदाचित अमेरिकेला बोलावतील." आईनं मावशीला फोन केला. मावशीनं मामेबहिणीच्या लग्नाची तारीख मला विचारून ठरवू या, असं सुचवलं.

सकाळी मॅडम आल्या. त्यांनी उंदीर फिरताना पाहिला, चौकटीकडे पाहिलं, मी कुठे बसतो ते पाहिलं, आणि स्टूल ओढून माझ्या समोर बसल्या.

"उजवा हात वर कर."

मी केला. त्यांनी त्याच बाजूचा स्वतःचा हात वर केला.

"आता सांग, हा माझा कुठला?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्या चेहऱ्यावर हळूहळू येत होतं, ते त्या बघत होत्या. चौकटीत उंदराचं नाक माझ्याकडे असतं. नकाशाच्या पुस्तकात उंदीर पलीकडे बघत असतो. मी माझ्या उजव्या बाजूला पाऊण मिलिमीटर मोजत होतो, म्हणजे त्याच्या डाव्या. प्रकाशतार मीच बसवली, तीही तिकडेच. चकत्यांवरची खूणही मीच केली, त्याच हिशेबानं. चूक इतकी शिस्तबद्ध होती की तिला पकडेल असा एकही पुरावा मी शिल्लक ठेवला नव्हता. उंदरांनी मात्र डाव्या मेंदूच्या हुकमावर, जगातल्या कुठल्याही सभ्य उंदरानं वळावं तसं, उजवीकडे वळून दाखवलं होतं. व्हायरसनंही आपलं काम चोख केलं होतं: जिथे सोडला तिथल्या न्यूरॉनमध्ये शिरला, जनुक केंद्रकात ठेवलं आणि गप्प बसला. या साऱ्या साखळीत मेंदू फक्त माझाच वापरात नव्हता.

"मामांना माहीत होतं," मी म्हटलं.

"मामांना सगळं माहीत असतं," मॅडम म्हणाल्या. "आपण त्यांना विचारत नाही."

वाटलं, आता प्रकल्प जाणार. पण मॅडमनी ते सगळे व्हिडिओ जपून ठेवायला सांगितले. विज्ञानात वाया काही जात नसतं म्हणे. पुढे मी उजव्या बाजूचे, म्हणजे उंदराच्या उजव्या बाजूचे, प्रयोग केले. उंदीर डावीकडे फिरले, आणि त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. खरा प्रयोग झाला, निबंध लिहिला गेला. त्यात माझ्या त्या ऐतिहासिक उंदरांना एक अख्खं वाक्य मिळालं. मॅडमनी लिहिलं होतं की परिणाम शरीराच्या विरुद्ध बाजूवरच होतो याची खातरजमा करण्यासाठी काही प्राण्यांमध्ये डाव्या गोलार्धात व्हायरस सोडून पाहिला. याला कंट्रोल म्हणतात. वाचताना मला वाटलं, हा कोण विचारी माणूस असेल?

परीक्षकांचे अभिप्राय आले. एकानं आमच्या पद्धतीत डझनभर खोडी काढल्या, पण डाव्या बाजूचा कंट्रोल घेतल्याबद्दल लेखकांच्या काटेकोरपणाची वाखाणणी केली. आणि हा भाग इतका महत्त्वाचा आहे, तर अशा उंदरांची संख्या वाढवावी, अशी अट घातली.

म्हणजे आता मला तेच काम जाणूनबुजून करायचं होतं. मी तयारी केली. भूल, मलम, गादी, चौकट. उंदराचं नाक माझ्याकडे. ब्रेग्मा सापडला. त्याची डावी बाजू म्हणजे माझी उजवी, असं पुटपुटत मी दोनदा स्वतःचे हात वर करून पाहिले, मनातल्या मनात उंदराच्या जागी जाऊन बसलो, तिथून उलटा वळून परत आलो आणि पाऊण मिलिमीटर मोजून काचेची नळी सरकवली.

मागून पिंजऱ्यांचा आवाज थांबला.

"साहेब," मामा म्हणाले, "उजवीकडे चाललात."